मावशीच्या आगरातली पहिली सुपारी

परवा एसटीच्या पार्सलातनं दापोलीहून एक पिशवी आली. सिमेंटची रिकामी पिशवी धुऊन सुतळीनं तोंड शिवलेलं, वर मावशीच्या नातवानं मार्करनं आमच्या दुकानाचा पत्ता लिहिलेला. आत पिकलेल्या सुपाऱ्या, टरफलासकट, बऱ्याचशा केशरी आणि काहींचा देठाजवळ हिरवा रंग अजून तसाच. मोजल्या तर ११४ भरल्या. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे, सुपारी आम्ही किलोनं विकतो, मोजत कोण बसतंय, पण ह्या मी दोनदा मोजल्या. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर लावलेल्या पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, ह्या पहिल्या सुपाऱ्या आहेत. साडेपाच वर्षं होत आली त्याला.

ह्यावर लिहायचं कधीपासनं डोक्यात होतं. टीव्हीवर वादळ येतं, दोन दिवस तो गोल गोल फिरणारा पांढरा ढग दाखवतात, रेनकोट घातलेला पत्रकार वाऱ्यात उभा राहून ओरडतो, मग वादळ जमिनीवर आलं, ओसरलं, संपलं की बातमीही संपते. आणि इकडं मावशीकडं ते वादळ अजून चालूच आहे असं मला दर वर्षी वाटतं.

३ जून २०२० ला बुधवार होता. कोल्हापुरात सकाळपासनं पाऊस आणि गार वारं, अंगणातल्या बादल्या गडगडत जाव्यात एवढंच, त्यापलीकडं काही नाही. दुकान लॉकडाऊनमुळं असून नसल्यासारखंच, देऊळ बंद तर पूजेचं साहित्य घेणार कोण, म्हणून सगळे घरातच टीव्हीसमोर. मी सकाळी नऊला मावशीला फोन केलेला तेव्हा ती म्हणाली, "वारं सुटलंय गं, पण अजून तसं काही नाही, भात टाकलाय, नंतर बोलते." साडेबारा ते अडीच ह्या वेळात वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन रायगडात, मावशीचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या वरच्या अंगाला, म्हणजे वादळाच्या बरोबर उजव्या हाताला. मी दुपारी एकला फोन लावला तो लागला नाही. दोनला नाही. रात्री नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी पण नाही.

आई तीन दिवस देवापुढं बसून होती. तिची एकच बहीण, कोल्हापुरातनं कोकणात दिलेली, चाळीसेक वर्षांपूर्वी, तेव्हा म्हणे आजोबांना लोक म्हणायचे पोरीला घाटाखाली कशाला टाकताय. चौथ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरनं फोन आला. गावातल्या कोणाचा तरी, सड्यावर एका ठिकाणी रेंज येत होती तिथं रांग लावून लोक एकेक मिनिट बोलत होते. मावशी म्हणाली, "आम्ही सगळे आहोत. कौलं गेली. आगर गेलं." एवढं बोलून फोन दुसऱ्याच्या हातात. आई रडली ती "आम्ही आहोत" ला, आणि "आगर गेलं" म्हणजे काय ते आमच्यापैकी कोणालाच तेव्हा कळलं नव्हतं, मी तरी कबूल करते की मला वाटलं पाच-दहा झाडं पडली असतील.

भाऊ आणि माझे मिस्टर दहाव्या दिवशी पास काढून टेम्पो घेऊन गेले, कराड-पाटण करत कुंभार्ली घाटानं खाली चिपळूण आणि तिथनं खेड-दापोली. टेम्पोत ताडपत्र्या, मेणबत्त्या, काडेपेट्या, तांदूळ, डाळ, पत्रे ठोकायचे खिळे आणि वायसर. पत्रे इथंच घेतले कारण तिकडं मिळत नव्हते आणि मिळाले तर भाव कुठल्या कुठं गेलेला. मी हट्टानं बरोबर गेले. चिपळूण सोडून पुढं गेलो तसतशी झाडं आडवी दिसायला लागली, आणि दापोलीच्या पुढं समुद्राकडं उतरताना विजेचे खांब सलग, एक पण उभा नाही. बाहेरच्या जिल्ह्यांतनं लाईनमन आलेले, रस्त्याच्या कडेला जेवत बसलेले दिसले, चिखलात लडबडलेले. तरी मावशीच्या वाडीत वीज यायला पुढं पाच आठवडे लागले. पाच आठवडे मोटर नाही म्हणजे विहिरीचं पाणी हातानं ओढायचं, आणि ते पण सगळी माणसं साठीच्या पुढची.

आगर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. घराच्या मागच्या दारातनं बाहेर पडलं की लगेच सुरू होतं ते थेट पुळणीपर्यंत, म्हणजे समुद्राच्या वाळूपर्यंत. वर माड, त्यांच्या मधे पोफळी, पोफळीवर चढवलेले मिऱ्याचे वेल, खाली सावलीत जायफळ, केळी, कडेला दोन-चार फणस, आंबे. मधनं पाट. मे महिन्यात भर बारा वाजता गेलं तरी आत अंधारल्यासारखं गार, वर बघितलं तर आभाळाचे तुकडे तुकडे दिसणार. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथं गळलेल्या झावळ्यांवर एकमेकांना बसवून ओढत न्यायचो.

मी मागचं दार उघडलं आणि समोर समुद्र. चाळीस वर्षांत त्या दारातनं कोणाला समुद्र दिसला नव्हता.

पोफळी निम्म्यातनं मोडलेल्या. पोफळ मोडते ती लाकडासारखी कट्कन नाही मोडत, तिच्या आतल्या दोऱ्या पिळून बाहेर येतात, मोडलेल्या जागी झाडूसारखं पसरलेलं असतं. माड काही मुळासकट उपटलेले, काहींचे शेंडेच गेलेले, नुसता खांब उभा. जे माड उभे राहिले त्यांच्या झावळ्या समुद्राकडच्या बाजूनं करपलेल्या, खाऱ्या वाऱ्यानं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पायरीवर बसून होते, मला बघून म्हणाले, "आधी डोंगराकडनं आलं गो. त्यात सगळी हलली, मुळं सैल झाली, तरी उभी होती. मग तासाभरानं समुद्राकडनं फिरलं, त्यात गेली."

हे वाक्य मला फार नंतर समजलं. आपल्याकडं चक्रीवादळाचं वारं घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं. वादळ समुद्रातनं उत्तरेकडं सरकत असताना जो गाव त्याच्या उजवीकडं असतो तिथं आधी पूर्वेकडनं वारं येतं, मग वादळ पुढं सरकलं की दक्षिणेकडनं, मग पश्चिमेकडनं. म्हणजे झाडाला एका बाजूनं ढकलायचं आणि मग दुसऱ्या बाजूनं, आपण खांब उपटताना हलवून हलवून सैल करतो ना तसं. काकांनी जे स्वतः बघितलं तेच हवामानाच्या पुस्तकात आहे.

मग पंचनामा. कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये, जे आले ते पण बिचारे चिखल तुडवत दिवसाला तीन-तीन गावं करत होते. पण हिशोबच असा होता की तो कोकणाला लागूच पडत नाही. आधी जाहीर झालं हेक्टरी ५० हजार. हेक्टर म्हणजे १०० गुंठे. मावशीचं आगर १८ गुंठ्यांचं, त्यात पण दिरांचा वाटा आहे, म्हणजे हिशोबानं नऊ हजार येणार सगळ्यांत मिळून. घाटावर उसाचं रान असतं तसं कोकणात नसतं हो, तिथं दहा-वीस गुंठ्यांत माणसाचं आयुष्य निघतं कारण एकाच जागेत तीन-तीन मजली पीक असतं. मग लोकांनी आरडाओरडा केल्यावर झाडामागं ठरलं, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. पन्नास रुपये! एक पोफळ पाच-सहा वर्षं सांभाळायची तेव्हा ती धरायला लागते, भरात यायला दहा वर्षं, आणि मग पुढं कितीतरी वर्षं देत राहते. आमच्या दुकानात त्यावेळी पन्नास रुपयांत पूजेच्या सुपाऱ्यांचा एक छोटा पुडा यायचा. मला त्या दिवसापासनं गिऱ्हाईकाला पुडा देताना प्रत्येक वेळी ते आठवतं.

बरं पडलेली झाडं मोजायची कशी हा पण प्रश्नच. एकावर एक पडलेली, खालची दिसत नाहीत, आणि साफ केल्याशिवाय राहता येत नाही, साफ केलं तर पुरावा जातो. काकांनी प्रत्येक बुंध्याला चुन्याचं बोट लावून ठेवलेलं, १ पासनं आकडे घातलेले. २१२ पोफळी आणि ३१ माड. पाऊस आला की चुना धुवायचा, की काका परत डबा घेऊन जायचे. आम्ही तीन दिवस होतो तेवढ्यात त्यांनी दोनदा आकडे घातले.

आता थोडं वादळांबद्दल, कारण तेव्हापासनं मी ह्याच्या मागंच लागलेय, मिस्टर म्हणतात तू दुकान सोड आणि वेधशाळेत जा.

आपल्याकडं वादळांचे हंगाम दोन, एक पावसाळ्याच्या आधी एप्रिल-मे ते जूनची सुरुवात, दुसरा पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात समुद्र गरम असूनही मोठी वादळं सहसा होत नाहीत, कारण तेव्हा खालचं वारं एका दिशेला आणि वरचं दुसऱ्या दिशेला जोरात वाहत असतं, वादळ उभं राहायला लागलं की त्याचा वरचा भाग कापला जातो. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस डिग्रीच्या वर तापलं की वादळाला खायला मिळतं. पाण्याची वाफ वर जाते, वर तिचा ढग होताना उष्णता सुटते, त्यानं हवा अजून वर चढते, खालनं नवीन हवा आत ओढली जाते, आणि पृथ्वीच्या फिरण्यानं ती गोल फिरायला लागते. जमिनीवर आलं की वाफ बंद, म्हणून ते मरतं. म्हणून आमचं कोल्हापूर वाचतं, मधे सह्याद्री पण आहे.

पूर्वी वादळ म्हटलं की ओरिसा, आंध्र, बंगाल. बंगालच्या उपसागरात चार झाली तर इकडं अरबी समुद्रात एक, असंच शिकलेलो. आता तसं राहिलं नाही. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामानाच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०२१ चा अभ्यास आहे, १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकतात पण जास्त वेळ. समुद्र तापलाय, सरळ आहे. एकट्या २०१९ मध्ये पाच झाली, वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. त्यातलं क्यार तर सुपर सायक्लोन, म्हणजे सगळ्यात जोराच्या प्रकारातलं, २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात पहिलंच. ते किनाऱ्यावर आलं नाही, ओमानच्या दिशेनं गेलं आणि समुद्रातच विरलं, त्यामुळं बऱ्याच जणांच्या लक्षातही नाही. पण आठवा, त्या वर्षी दिवाळीत आपण छत्र्या घेऊन फिरत होतो, लक्ष्मीपूजनाला पाऊस, आमच्या दुकानाबाहेर मांडलेल्या लाह्या-बत्ताशांवर प्लास्टिक घालायची पळापळ. पन्हाळ्याकडं, गगनबावड्याकडं कापून ठेवलेलं भात शेतातच उगवलं. ऑगस्टमध्ये महापूर, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर, आणि त्यातनं जे वाचलं ते ऑक्टोबरात भिजलं. तेव्हा कोणीच म्हणालं नाही की हे वादळाचं आहे, सगळे म्हणाले परतीचा पाऊस लांबला.

मासेमारीवाल्यांची तर दोन्हीकडनं कोंडी. १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी, ती बरोबरच आहे, माशांच्या विणीचा काळ. पण बंदीच्या आधीचा मे आणि बंदीनंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच कमाईचे दिवस आणि नेमके हेच वादळाचे. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होड्या बंदरात. देवगडच्या खाडीत तेव्हा गुजरातच्या, गोव्याच्या, कुठल्या कुठल्या बोटी येऊन उभ्या राहतात आसऱ्याला. डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला, खलाशांना उचल दिलेली, आणि बोट चार-सहा दिवस नुसती उभी. असं वर्षात तीन-चारदा झालं की हंगाम गेला. आमच्याकडं मंडईत सुरमई महाग झाली की आपण मासेवालीशी भाव करतो, मी पण करायचे.

तरी एक गोष्ट मात्र खरोखर चांगली झालीय. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी मच्छीमार समुद्रातच राहिले, त्यांना वेळेत निरोपच पोचला नाही. हर्णै बंदरात अजून त्या नावानं लोक गप्प होतात, मी बघितलंय. निसर्गच्या वेळी चार-पाच दिवस आधीपासनं कळत होतं, लोकांना शाळांमध्ये हलवलं, त्यामुळं एवढं मोठं वादळ येऊनही माणसं फार कमी गेली. हे हवामान खात्याचं आणि गावागावातल्या तलाठी, पोलीस पाटील, आशाताईंचं काम आहे आणि त्याबद्दल त्यांचे पाय धरावेत. मावशी आणि काकांना पण पोलीस पाटलांनी वादळ यायच्या आधीच गावातल्या एका स्लॅबच्या घरात नेऊन बसवलेलं. आणि तरी २०२१ ला तौक्तेत मुंबईजवळ समुद्रात पी-३०५ नावाचा कामगारांचा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसं होती, सत्तरच्या वर गेली. इशारा होता, वेळ होता. ते वाचून काका दोन दिवस जेवले नव्हते असं मावशीनं सांगितलं.

तौक्ते पण आम्ही भोगलं. १४ मेला अक्षय तृतीया झाली, आणि १५-१६ ला ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं. आंब्याचा शेवटचा बहर झाडावर. तौक्ते हे नाव म्यानमारनं दिलेलं, एका पालीचं नाव म्हणे. निसर्ग हे बांगलादेशचं, १३ देशांनी मिळून १६९ नावांची यादी केलीय त्यातलं पहिलंच. काकांनी निसर्गच्या पावसाळ्यातच नवीन रोपं लावलेली, रोपं मिळायची मारामार कारण सगळ्यांना एकाच वेळी हवी, श्रीवर्धनी रोठा ह्या सुपारीच्या जातीची रोपं तर नंबर लावून मिळाली. तीन फुटांची झालेली असताना तौक्ते आलं. काकांनी आदल्या दिवशी प्रत्येक रोपाला बांबूच्या काठीला बांधलं. वर सावली नव्हती म्हणून मधे मधे केळी लावलेल्या, त्या सगळ्या झोपल्या, रोपं मात्र बहुतेक राहिली.

सावलीचं मला माहीतच नव्हतं. पोफळीच्या पोराला ऊन सोसत नाही, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायची त्याची सवय, आणि मोठी झाडंच नाहीत. जी जायफळं वादळातनं वाचली ती पुढच्या उन्हाळ्यात उन्हानं करपली. म्हणजे झाड पडलं की त्याच्या आसऱ्यानं जगणारं पण जातं, वर्षभरानं, सावकाश. हे पंचनाम्यात कुठं लिहायचं? पंचनामा तर तेव्हा होऊन गेलेला.

काका २०२३ ला गेले, हृदयविकारानं. जूनमध्ये बिपरजॉय समुद्रात घुटमळत होतं तेव्हा ते रोज मला फोन करून विचारायचे, "कुठवर आलं बघ गो तुझ्या मोबाईलात." ते शेवटी १५ जूनला कच्छमध्ये जखाऊला गेलं. काका त्यानंतर दोन महिन्यांनी. पोफळी तेव्हा डोक्याच्या वर गेलेल्या, पण पोय, म्हणजे फुलोरा, आलेली नव्हती.

२०२५ च्या मे महिन्यात परत धडकी भरली. २४ मेला कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधेच जमिनीवर आलं, वादळ झालं नाही, डिप्रेशनवरच, म्हणजे वादळाच्या आधीच्या पायरीवरच, थांबलं, पण नेमकं आमच्या डोक्यावरनं. त्याच सुमारास मान्सून पण आला, मे महिन्यातच. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला शक्ती, ते पण पश्चिमेकडं सरकून विरलं. दर वेळी मी नकाशा उघडते, आई देवापुढं बसते, आणि मावशी म्हणते, "येऊ दे, बांधून ठेवलंय." तिच्याकडं आता नायलॉनच्या दोरीची रिळं पडवीत कायमची टांगलेली असतात.

तर ह्या ११४ सुपाऱ्या. मावशीचा फोन आला, म्हणाली २१२ पोफळींच्या जागी १५० लावलेल्या, त्यातल्या ९६ जगल्या, आणि त्यातल्या अकरांना यंदा धरलंय. "घरी ठेवल्या नाहीत गं, पहिली सुपारी अंबाबाईच्या गावाला जाऊ दे म्हटलं." त्या विकायच्या नाहीत हे सांगायला लागलं नाही.

टरफलासकट सुपारी वाळायला दीड महिना कडक ऊन लागतं. मी गच्चीवर जुन्या साडीवर पसरल्या. आणि ऑक्टोबर संपता संपता परत अरबी समुद्रात डिप्रेशन, परत पाऊस. सकाळी वर न्यायच्या, दुपारी ढग आला की खाली आणायच्या, संध्याकाळी पंख्याखाली. काल शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, म्हणाल्या एवढ्याशा सुपाऱ्यांसाठी दिवसातनं चारदा जिना चढतीस. मी म्हटलं, व्हय काकू, आणि एक त्यांच्या हातात ठेवली, त्यांनी कानाशी धरून हलवली. अजून आत खुळखुळत नाही. वाळली की खुळखुळते.